गोव्यात राहून पूल खेळायचं ठरवलेल्या मुलींसाठी

पूल म्हणजे क्यू नावाच्या लांब काठीनं पांढऱ्या बॉलला मारून, त्याच्या धक्क्यानं बाकीचे बॉल टेबलाच्या कडेच्या पॉकेटांत, म्हणजे भोकांत, पाडायचा खेळ. गोव्यात पूलचं टेबल शोधायला फार फिरावं लागत नाही. कळंगुट, बागा, हणजुणे या पट्ट्यात एखाद्या रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात ते दिसतंच. पणजी, म्हापसा, मडगावला पूल पार्लरं आहेत. काही जुन्या क्लबांत स्नूकरची, म्हणजे पूलसारख्याच पण मोठ्या टेबलावरच्या खेळाची, बारा फुटी टेबलंही आहेत. पण एखाद्या मुलीला रोज दोन-तीन तास, निवांतपणे, नीट राखलेल्या नऊ फुटी टेबलावर खेळायला मिळणं ही इथली सगळ्यात अवघड गोष्ट. मी फोंड्याची. पूल खेळते, शिकवते आणि त्यावरच माझं चालतं. शिकायला येणाऱ्या मुलींचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: क्यू कुठला घेऊ? बक्षीस किती मिळतं? मी म्हणते, ते नंतर बघू. आधी टेबलाची सोय लाव आणि तुझ्यापेक्षा सरस खेळणारं कोणीतरी शोध. या दोन गोष्टी जिने जमवल्या तिचं बाकीचं हळूहळू मार्गी लागतं. चांगल्या गुणी मुली मधेच सुटलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि बहुतेकींचं घोडं याच दोनांपैकी एकावर अडलेलं होतं.

किनाऱ्यावरच्या टेबलांबद्दल आधी बोलते, कारण खेळाशी पहिली ओळख अनेकींची तिथंच होते. ती टेबलं करमणुकीसाठी असतात. सात फुटी, खाऱ्या हवेनं कापड ओलसर झालेलं, कडेचं रबरी कुशन मेलेलं, क्यूच्या टोकावरच्या चामड्याच्या टिपा घासून गुळगुळीत. काही ठिकाणी ब्रिटिश पर्यटकांच्या सवयीचा लाल-पिवळ्या लहान बॉलचा पूल असतो आणि नियम टेबलागणिक बदलतात. फाउल झाला की कुठं समोरच्याला दोन शॉट, कुठं पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथं ठेवायची मुभा. तिथं गोडी लागते, आणि ती लागणं मोठी गोष्ट आहे. पण मंद टेबलावर बॉल पोचवण्यासाठी जोर लावावा लागतो, ती सवय अंगात मुरते आणि चांगल्या टेबलावर आल्यावर ती मोडायला फार वेळ जातो. शिवाय तिथं ‘चला, हजार-हजारवर एक गेम’ म्हणणारे भेटतात. रक्कम कितीही लहान असो, नाही म्हणा. रात्रीच्या वेळी बारमध्ये पैशांवरून झालेली बाचाबाची आणि त्यात एकटी मुलगी, हे चित्र कुठल्याच घराला पटणारं नाही. एकदा गावात बोभाटा झाला की मग दुपारचं खेळणंही बंद होतं.

पार्लरचा प्रश्न वेगळा आहे. माझ्या आईनं विचारलं होतं, “थंय आणखी मुली कोण येतात गो?” कोणीच येत नसे, आणि मी तसंच सांगितलं. बाबा एक दिवस स्वतः आले, कोपऱ्यातल्या बाकावर बसून तासभर खेळ पाहिला, मग मालकाशी बोलले. त्या बोलण्यातून जी व्यवस्था ठरली तीच मी आज प्रत्येकीला सुचवते. पार्लरचा धंदा संध्याकाळी सहानंतरचा. दुपारी अकरा ते तीन टेबलं रिकामी, मालक मोबाइल बघत बसलेला. त्या वेळेचा महिन्याचा ठोक दर मागा. दिवे बंद ठेवण्यापेक्षा निम्म्या दराचं नियमित गिऱ्हाईक त्यालाही परवडतं. कॉलेज सकाळचं असेल तर ही वेळ तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे: गर्दी नाही, धूर नाही, फुकटचा सल्ला देणारे नाहीत. आणि घरच्यांना एकदा घेऊन जाच. नुसतं ‘बाबा, तसं काही नसतं’ म्हणून भागत नाही. त्यांनी ती जागा, तो मालक, तिथलं स्वच्छतागृह डोळ्यांनी बघितलं की अर्धा विरोध तिथंच विरतो. स्वच्छतागृहाचं मुद्दाम सांगितलं. स्पर्धेचा दिवस सकाळी नऊला सुरू होऊन रात्री दहापर्यंत लांबू शकतो, सरावही तासन्‌तास चालतो. मुलींसाठी ही सोय नसलेली जागा, टेबल कितीही झकास असलं तरी, कायमची जागा होऊ शकत नाही.

क्लबात प्रवेश मिळाला तर आणखी एक फायदा: मार्कर. बाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसतो. क्लबातली टेबलं राखणारा, कापड ब्रश करणारा, गुण मोजणारा आणि जोडीदार नसेल तेव्हा सभासदांबरोबर खेळणारा माणूस म्हणजे मार्कर. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडच्या जिमखान्यांत आणि क्लबांत कितीतरी खेळाडू मार्करांच्या हाताखाली शिकले. मला पूलचा पहिला खरा धडा अशाच एका काकांनी दिला. त्यांनी टेबलावर एक सोपा बॉल पॉकेटच्या तोंडाशी ठेवला, शेजारी पडलेल्या वर्तमानपत्राचं एक पान काढून त्याची चौघडी केली आणि ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. म्हणाले, “बॉल जाऊ दे नाहीतर राहू दे, पांढरा या कागदावर थांबला पाहिजे.” मी बॉल धडाधड पॉट करत, म्हणजे पॉकेटात पाडत, होते आणि पांढरा कधी कागदाच्या अलीकडे, कधी कुशनला लागून परत. ते काही बोलत नव्हते. चार-पाच वेळा सलग पांढरा कागदावर आला की येऊन कागदाची आणखी एक घडी घालायचे. संध्याकाळपर्यंत तो कागद पोस्टकार्डाएवढा झाला होता. आज माझ्या विद्यार्थिनींना मी हेच देते, कारण पूलमध्ये बॉल पाडणं ही निम्मी गोष्ट आहे; पाडल्यावर पांढरा कुठं उभा राहतो, त्यावर पुढचा बॉल सोपा की अवघड हे ठरतं.

आता खेळाचे प्रकार. एट-बॉल सगळ्यांना माहीत असतो: एकाचे भरीव, दुसऱ्याचे पट्टेरी, शेवटी काळा आठ. नाइन-बॉलमध्ये एक ते नऊ बॉल हिऱ्याच्या आकारात लावतात, एक नंबर टोकाला, नऊ मधोमध. प्रत्येक शॉटला पांढऱ्यानं टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याला आधी शिवायचं. नियमात राहून नऊ ज्याने पाडला त्याची रॅक, म्हणजे तो डाव त्याचा. म्हणजे एक नंबरला मारून त्याच्या धक्क्यानं नऊ गेला तरी रॅक तुमची. फाउल झाला की समोरचा पांढरा हातात घेऊन हवा तिथं ठेवतो, आणि ओळीनं तीन फाउल केले तर ती रॅक गमावता. ब्रेकनंतर, म्हणजे मांडलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्यानंतर, लगेच एकदा ‘पुश आउट’ घेता येतो, म्हणजे कुठल्या बॉलला शिवायचं बंधन न ठेवता पांढरा सरकवता येतो, आणि तो कधी घ्यायचा हे कळणं हीच एक वेगळी विद्या आहे. टेन-बॉलमध्ये शॉट सांगून मारावा लागतो, त्यामुळे नशिबाचा भाग कमी. स्पर्धा ‘रेस टू सेव्हन’, ‘रेस टू नाइन’ अशा असतात. इतक्या रॅक जो आधी जिंकेल तो पुढे.

नवख्या मुलीनं कुठून सुरुवात करावी? माझं मत स्पष्ट आहे: पूलबरोबर स्नूकरही खेळा, निदान सिक्स-रेड, म्हणजे सहाच लाल बॉलांचं छोटं स्नूकर, तरी. एक कारण व्यवहाराचं. आपल्याकडे तिन्ही खेळ, म्हणजे बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल, एकाच राष्ट्रीय संघटनेखाली येतात, बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया. मुलींच्या गटात तुम्हाला भेटणारी बहुतेक नावं एकापेक्षा जास्त प्रकार खेळणारी असतात. दुसरं कारण हाताचं. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, स्नूकरचा ५२.५ चा, टेबल बारा फुटी, पॉकेट अरुंद आणि ओठ गोलाकार. क्यू जरा वाकडा गेला की स्नूकरचं टेबल लगेच सांगतं, पूलचं टेबल बरंच सांभाळून घेतं. क्यू सरळ जाण्याची शिस्त मोठ्या टेबलावर लवकर लागते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडच्या अ‍ॅलिसन फिशरचं. महिलांच्या स्नूकरमध्ये त्यांनी सात वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं होतं, पहिलं १९८५ साली, सतराव्या वर्षी. पण महिला स्नूकरमध्ये पैसा नव्हता. १९९५ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि पूल खेळू लागल्या, आणि तिथल्या महिला सर्किटवर वर्षानुवर्षं अव्वल राहिल्या. ते सर्किट चालवणारी विमेन्स प्रोफेशनल बिलियर्ड असोसिएशन १९७६ पासूनची आहे, म्हणजे बायकांनी आपली स्वतःची संघटना उभारून स्पर्धा चालवायला घेतल्याला सुमारे पन्नास वर्षं झाली. त्याच सर्किटवरच्या जीनेट ली यांना पाठीच्या कण्याचा वाकडेपणा होता, त्यापायी कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. तरी २००१ च्या जपानमधल्या अकिता इथल्या वर्ल्ड गेम्समध्ये त्यांनी नाइन-बॉलचं सुवर्ण मिळवलं. आशियाचं बघायचं तर फिलिपिन्सच्या रुबिलेन अमित यांनी २०२४ मध्ये जागतिक नाइन-बॉल विजेतेपद घेतलं, टेन-बॉलचं जगज्जेतेपद तर त्यांनी त्याआधीच मिळवलेलं होतं. आणि आपल्या विद्या पिल्लई! २०१७ मध्ये सिंगापूरला महिलांच्या जागतिक स्नूकरच्या अंतिम सामन्यात त्या हाँगकाँगच्या एन्ग ऑन यी यांच्याशी शेवटच्या फ्रेमपर्यंत, म्हणजे डावापर्यंत, लढल्या आणि ५-६ अशा हरल्या. मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना फार तर बिलियर्ड्स-स्नूकरचे जगज्जेते पंकज अडवाणी माहीत असतात. या बायकांचे सामने बघा. युट्यूबवर तासन्‌तासांचे आहेत. बॉल कसा गेला याकडे कमी बघा, पांढरा कुठं थांबला ते बघा आणि पुढच्या शॉटआधी व्हिडिओ थांबवून स्वतःला विचारा, मी इथं काय केलं असतं?

पांढऱ्याच्या वाटा समजायला थोडी भूमिती लागते, पण ती शाळेतल्या भूमितीपेक्षा सोपी आहे. पांढरा न फिरता, घसरत जाऊन बॉलला लागला तर धडकेनंतर दोघांच्या वाटांमध्ये काटकोन होतो. पांढरा नैसर्गिकपणे लोळत गेला आणि बॉलला साधारण पाव ते पाऊण भागात लागला, तर तो आपल्या मूळ वाटेपासून सुमारे तीस अंशांत वळतो. या दोन वाटा डोळ्यांत बसल्या की टेबल वाचता येऊ लागतं. मग त्यात स्क्रू (पांढरा मागे खेचणं), फॉलो (पुढे नेणं) आणि साइड (बाजूला मारून दिलेली फिरकी) यांची भर. साइडच्या मागे लवकर लागू नका असं मी कळकळीनं सांगते. पार्लरातले मुलगे पहिल्या आठवड्यातच साइड मारायला लागतात, दिसायला छान दिसतं, पण साइड दिली की पांढरा सुरुवातीलाच किंचित बाजूला सरकतो आणि नेम बदलावा लागतो. आधी मधोमध मारून पांढरा वर-खाली नेता येऊ दे.

ब्रेकबद्दल मुलींच्या मनात फार भीती असते, की आपल्यात जोर कमी. जोर लागतो, पण त्याहून जास्त लागतो मांडलेल्या बॉलांच्या, म्हणजे रॅकच्या, टोकाच्या बॉलला नेमका मधोमध बसणारा फटका. तो नेमका बसला की पांढरा मध्यभागी थबकतो आणि सगळा जोर रॅकमध्ये जातो. जरासा तिरका गेला की पांढरा उडून थेट पॉकेटात. उंची कमी असेल तर नऊ फुटी टेबलावर, म्हणजे १०० बाय ५० इंचांच्या खेळायच्या जागेवर, मधले बॉल हाताशी येत नाहीत. रेस्ट, म्हणजे क्यूला आधार देणारी काठी, वापरायला लाजू नका आणि डाव्या हातानं मारायला आत्तापासून शिका. स्टान्सचंही, म्हणजे उभं राहण्याच्या पद्धतीचंही, तसंच. पुस्तकातली चित्रं पुरुषांच्या शरीराची असतात. क्यू हनुवटीखाली सरळ रेषेत राहिला पाहिजे, पण छातीपाशी अडत असेल तर थोडं बाजूला वळून उभं राहिलं तरी चालतं. बाई प्रशिक्षक नसेल तर हे कोणी सांगत नाही, म्हणून इथं लिहिते.

एकटीनं सराव करताना ‘घोस्ट’ खेळा, म्हणजे न दिसणाऱ्या, कधीच न चुकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी. रॅक लावा, ब्रेक करा, पांढरा हातात घेऊन हवा तिथं ठेवा आणि एक नंबरपासून ओळीनं सगळे पाडायचा प्रयत्न करा. एकही चुकला की रॅक घोस्टची. सुरुवातीला नऊ बॉल लावू नका. तीन बॉलांनी सुरू करा, घोस्टला हरवायला लागलात की चार, मग पाच. वहीत निकाल लिहा. खेळ सुधारतोय की नुसतेच तास भरतायत, ते त्या वहीतून कळतं.

आणि तरीही सरावात न येणारी एक गोष्ट स्पर्धेत समोर उभी ठाकते: खुर्ची. बॅडमिंटनमध्ये शटल तुमच्याकडे येतंच, तुम्ही काहीतरी करत असता. पूलमध्ये समोरची खेळत असेल तोवर तुम्ही बसून राहायचं. जिंकणाऱ्याकडेच पुन्हा ब्रेक असेल अशा स्पर्धेत ती ओळीनं चार रॅक साफ करू शकते आणि तुम्हाला क्यू उचलायलाही मिळत नाही. हात थंड पडतात, डोक्यात नको ते विचार येतात, प्रेक्षकांत कोणी ओळखीचं दिसलं की आणखीच. मग अचानक तिचा एक बॉल चुकतो आणि तुम्हाला उठून, कसलाही सराव नसताना, पहिलाच शॉट कडेच्या कुशनला चिकटलेल्या बॉलवर मारायचा असतो. सामने नेमके याच शॉटवर हरले जातात. मी मुलींना खुर्चीत करायला काम देते: टेबल वाचत राहा, तिचा पुढचा बॉल आणि पांढऱ्याची जागा मनात आधी सांगा, बोटं चोळून गरम ठेवा, पाणी प्या, फोनला हात लावू नका. यासाठीच सरस प्रतिस्पर्धी हवा. तुमच्यापेक्षा कच्च्या खेळाडूंशी खेळून खुर्चीत बसायची सवय कधीच होत नाही. गोव्यात मुली थोड्या, म्हणून पुरुषांशी खेळा. क्लबातले निवृत्त काका फार चांगले प्रतिस्पर्धी असतात. ताकदीनं खेळत नाहीत पण सेफ्टी, म्हणजे पांढरा आडोशाला ठेवणारा बचावाचा शॉट, अशी लावतात की बॉल दिसतच नाही. त्यांच्याकडून हरण्यात जे शिकायला मिळतं ते कुठल्याही शिबिरात मिळत नाही.

गोव्याच्या हवेविषयी वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर इथं भिंतींना पाणी सुटतं, तिथं कापडाचं काय! ओलाव्यानं कापड मंद होतं, पांढरा दोन-चार इंच अलीकडेच थांबतो, स्क्रूला जास्त जोर लागतो. त्याच टेबलावर एसी दोन तास चालला की कापड सुकतं, वेग वाढतो. म्हणून सामन्याआधी मिळणाऱ्या पाच-दहा मिनिटांत पॉट करत बसू नका. पांढरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मारून तो कुठं थांबतो ते दोन-तीनदा बघा. बॉल चिकट होतात, ते फडक्यानं पुसा. मुंबई-पुण्याच्या कोरड्या, एसी हॉलमध्ये पहिल्यांदा खेळायला गेलेल्या गोव्याच्या मुलीचा पांढरा हमखास पुढे धावतो; हे ठाऊक असलं म्हणजे घाबरायला होत नाही.

लाकडी क्यूला हाच ओलावा मारतो. भिंतीला टेकवून ठेवलेला क्यू वाकतो, उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला तर नक्कीच. कव्हरमध्ये, आडवा किंवा अगदी सरळ उभा ठेवा. शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, कोरड्या कापडानं पुसून मगच आत घाला. पूलचा क्यू साधारण ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस वजनाचा असतो, टिप बारा-तेरा मिलिमीटरची; स्नूकरची नऊ-दहाची. कार्बन फायबरचा शाफ्ट वाकत नाही, त्यामुळे गोव्याच्या हवेला तो बरा, पण त्याची किंमत तीस-चाळीस हजारांवर सहज जाते. पहिल्या वर्षी तो मुळीच घेऊ नका. एक साधा सरळ क्यू, चांगली चामड्याची टिप आणि टिपेला लावायला स्वतःचा चॉक पुरे. उरलेले पैसे टेबलाच्या तासांवर घाला.

कपड्यांबद्दल थोडंसं. कॉलरचा टी-शर्ट किंवा शर्ट, पॅंट, बूट असा पोशाख बहुतेक स्पर्धांत लागतो, स्नूकरमध्ये वेस्टकोटही. पण मुद्दा शिस्तीपुरता नाही. तुमची बाही, केसांची बट, बांगडी, गळ्यातलं काहीही बॉलला लागलं तरी फाउल दिला जाऊ शकतो. केस घट्ट बांधा, हातातलं-गळ्यातलं काढून ठेवा. लग्न झालेल्या मुलींना मंगळसूत्र काढायचं की नाही हा प्रश्न पडतो. ज्यांना काढायचं नसतं त्या शर्टाच्या आत घालून वरचं बटण लावतात आणि व्यवस्थित खेळतात.

स्पर्धेची वाट राज्य संघटनेतून जाते. आधी राज्य संघटनेकडे नोंदणी, मग राज्य अजिंक्यपद, तिथल्या क्रमवारीवरून राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड, आणि राष्ट्रीय कामगिरीवरून आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा विचार. गोव्यात मुलींच्या प्रवेशिका कमी येतात, म्हणून राज्य संघात येणं तुलनेनं लवकर जमतं. यात हुरळून जाऊ नका. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या फेरीत महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडू, मध्य प्रदेशच्या मुली समोर येतात. म्हणून निवड व्हायची वाट न बघता वर्षातून काही वेळा मुंबई, पुणे, बंगळूरच्या खुल्या स्पर्धांना स्वखर्चानं जा. थिवी किंवा मडगावहून रेल्वेनं गेलात तर क्यू जवळ राहतो. विमानानं जाताना क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, तो सामानात द्यावा लागतो. त्यासाठी कडक पेटी घ्या, मऊ कव्हरवर विसंबू नका. एका स्पर्धेला मी पोचले आणि माझा क्यू पोचला नाही. उसन्या क्यूनं खेळावं लागलं. तेव्हापासून सराव करताना अधूनमधून मी मुद्दाम पार्लरच्या क्यूनंही खेळते.

पैशांचं उघड बोलू. माझ्या ओळखीतली एकही मुलगी निव्वळ पूलच्या बक्षिसांवर जगत नाही. प्रवास, राहणं, प्रवेश फी काढली तर चांगल्या वर्षातही बक्षिसांतून फार उरत नाही, आणि बऱ्याच स्पर्धांत महिला गटाचं बक्षीस पुरुषांच्या तुलनेत तुटपुंजं असतं. हे मला आजही सलतं, आणि आयोजकांना मी ते दर वेळी सांगते. कमाईचे खरे मार्ग वेगळे. एक, नोकरी: ओएनजीसी, इंडियन ऑइल अशा तेल कंपन्यांचं पेट्रोलियम स्पोर्ट्‌स प्रमोशन बोर्ड या खेळाला वर्षानुवर्षं आधार देत आलं आहे, पंकज अडवाणीही ओएनजीसीत आहेत, पण तिथं जायला राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पदकं लागतात. दोन, शिकवणं. गोव्यात हे काम वाढतंय: क्लब, शाळांच्या सुट्टीतली शिबिरं, हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी तासाभराचे वर्ग. माझं घर मुख्यतः यावर चालतं, आणि शिकवल्यामुळे माझाच खेळ स्वच्छ झाला. पर्यटनाचा मोसम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणून त्या महिन्यांत शिकवणं जास्त, पावसाळ्यात सराव जास्त, अशी माझ्या वर्षाची घडी बसली आहे. तिसरा मार्ग पंच होण्याचा. त्याच्या परीक्षा असतात आणि या खेळात महिला पंच हव्या आहेत. प्रायोजक मिळाला तर उत्तम, पण कागदावर लिहून घ्या, नुसत्या शब्दावर प्रवासाची तिकिटं काढू नका.

औषधांबद्दल एक गोष्ट जवळजवळ कोणी सांगत नाही. आपल्या खेळात उत्तेजक चाचण्यांचे नियम लागू होतात, आणि बीटा-ब्लॉकर नावाच्या गोळ्यांना स्पर्धेच्या काळात बंदी आहे, कारण त्या हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करतात. प्रोप्रॅनोलॉल ही त्यातलीच. डॉक्टर ती अर्धशिशीसाठी, रक्तदाबासाठी, घाबरेपणासाठी सहज लिहून देतात. चिठ्ठी घेताना ‘मी खेळाडू आहे’ असं सांगा, आणि गोळी खरंच गरजेची असेल तर आधीच वैद्यकीय सवलतीसाठी रीतसर अर्ज करा.

शेवटी शिक्षण. पदवी सोडून खेळायला लागू नका. नोकरीत खेळाच्या कोट्यालाही पात्रता लागते, पंचाच्या परीक्षेला वाचन लागतं, शिकवायला बोलता-लिहिता यावं लागतं. राष्ट्रीय स्पर्धा आणि सेमिस्टरची परीक्षा एकमेकींवर आदळण्याचा धोका असतो. गैरहजेरी, पुन्हा परीक्षा, क्रीडा गुण यांचं काय होतं ते प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं, म्हणून जूनमध्ये वर्ष सुरू होतानाच क्रीडा संचालकांना भेटा, संघटनेचं पत्र जोडून लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. डिसेंबरात, तिकिटं हातात घेऊन गेलात तर कोणी ऐकत नाही.